दंडावरचा पट्टा आणि दुपारची नीरा

॥ श्री ॥

धायरी, पुणे ४१
पाडव्यानंतरचा शुक्रवार

आमचे व्याही श्री. गुलाबराव भोयर, मुक्काम वर्धा, यांस रंगनाथ शिंत्रे याचा साष्टांग (कंबर धरल्यामुळे यंदा अर्ध्यावरच थांबलेला) नमस्कार.

यापुढे ‘विनंती विशेष’ असं लिहायची पद्धत आहे. परंतु विनंती आत्ताच सांगितली तर आपण पत्राची घडी घालून ते रेडिओखाली सरकवून द्याल, हा माझा आपल्याविषयीचा आजवरचा अनुभव आहे. म्हणून विनंती शेवटी येईल. पत्रासोबत एक लहानसं पार्सल आहे. पत्र वाचून होईपर्यंत ते उघडू नये. आपला जन्म एसटीच्या आगारात गेला, तेव्हा अनोळखी सामानाला हात लावू नये हा नियम मी आपल्याला शिकवणं म्हणजे काशीत जाऊन गंगेची माहिती देण्यासारखं आहे.

इकडे सर्व क्षेम. सौ. प्रेमलाचे गुडघे जिना चढताना बोलतात आणि उतरताना ती बोलते. चि. आमोदला कंपनीने घरूनच काम करायला सांगितल्यामुळे तो दिवसभर कानाला यंत्र लावून खोलीत बसतो आणि दर तासाला कोणाला तरी ‘तुमचा आवाज येत नाहीये’ असं ओरडून सांगतो. (आमचा येतो. तो त्याला चालत नाही.) चि. सौ. तेजस्विनीला सातवा महिना लागला आहे. प्रकृती उत्तम, पायांवर किंचित सूज, जिभेला चव आहे. डोहाळे मात्र पुण्याचे नाहीत. चिंचा, आवळे, भेळ सगळं समोर ठेवून झालं. तिला हवी आहे ती आपल्याकडची कोथिंबीर भरलेली सांबारवडी, आणि तीही हिराताईंच्या हातची. प्रेमलाने तीन वेळा प्रयत्न केला. पोरीने प्रत्येक वेळी ‘छान झालीये आई’ असं म्हटलं आणि उरलेली अर्धी वडी हळूच माझ्या ताटात सरकवली. विहीणबाई जाऊन दोन वर्षं होतील. कृती विचारायला त्या नाहीत, हे प्रेमलाला तिसऱ्या वेळी फोन हातात घेतल्यावर आठवलं, आणि मग त्या दिवशी घरात वरणभातच झाला.

आपला खांदा आता कसा आहे? मार्गशीर्षात अंगणातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून आपण पडलात, तेव्हापासून त्याची काळजी वाटते. फोनवरच विचारलं असतं, पण आपला फोन सकाळी पहिल्या घंटीला उचलला जातो आणि संध्याकाळी सातनंतर मुळीच उचलला जात नाही. तेजस्विनी रोज कामावरून आली की लावून बघते. (फोन खाली ठेवते आणि कणीक मळायला घेते. कणीक आधीच मळलेली असली तरी.) म्हणून म्हटलं, पत्र टाकावं. पत्र उचलायला वेळेचं बंधन नसतं.

आता माझी हकिकत. संक्रांतीच्या सुमारास माझ्या डॉक्टरांनी माझ्या यकृतावर चरबी चढली आहे असं निदान केलं आणि आपली ती सगळी प्रिय द्रव्यं बंद करायला सांगितली. मी मान डोलावली. मान डोलावण्याचा मला चांगला सराव आहे. पण आपल्या कन्येने डॉक्टरांसमोरच पर्समधून एक काळा पट्टा काढला आणि माझ्या उजव्या दंडावर, जिथे लोक ताईत बांधतात तिथे, बांधला. तिची कंपनी नेमकं काय बनवते हे लग्नाच्या वेळी आपल्यालाही कळलं नव्हतं आणि मलाही. आपण पाहुण्यांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगत होतात आणि मी ‘मेडिकलमध्ये’. दोन्ही खरं निघालं. माणूस दारू प्यायला की तिचा अगदी थोडा अंश घामावाटे कातडीतून बाहेर पडतो. तो अंश हा पट्टा रात्रंदिवस हुंगतो आणि तेजस्विनीच्या फोनवर त्याची रेघ काढतो. पोलीस जी नळी फुंकायला लावतात ती फक्त त्या घटकेचं सांगते. हा महिनोन् महिन्यांचं सांगतो. कुठल्या वारी चढली, किती चढली, केव्हा उतरली, सगळं. काढून ठेवला तर ‘काढून ठेवला’ असंही सांगतो. (आंघोळीपुरती सूट आहे. पहिल्या दिवशी मी तासभर आंघोळ केली, तेव्हा आमोद दारावर थापा मारायला आला.)

आपल्याला ठाऊकच आहे, माझी उभी नोकरी मांजरीकडच्या एका प्रयोगशाळेत उसाची मळी आंबवून तिच्यात अल्कोहोल किती तयार झालं ते मोजण्यात गेली. पूर्वी मी टाक्या मोजत होतो, आता मीच टाकी झालो. प्रेमलाने पट्टा उलटसुलट करून पाहिला, तो दिवसाआड चार्ज करावा लागतो हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘माझ्या नाकाला कधी चार्जिंग लागलं नाही.’ त्यावर मला आपलं नाक आठवलं. गच्चीवर बसून आपण कितीदा ती आगारातली गोष्ट सांगितली आहेत. पहाटेच्या पहिल्या गाडीआधी आपण एकेका ड्रायव्हरला समोर उभं करून त्याच्या तोंडाशी नाक नेत होतात, आणि शाळेला निघालेली लहानगी तेजस्विनी दप्तर मांडीवर घेऊन आपल्या केबिनच्या बाकावर बसून ते बघत असे. एक ड्रायव्हर गयावया करत होता, साहेब थंडी होती, एकच घोट घेतला, उतरली केव्हाच. आपण त्याला ना शिवी दिलीत ना रिपोर्ट केलात. फक्त ‘गाडीत लेकरं हायेत’ एवढं म्हणून त्याच्या हातातून किल्ली घेतलीत आणि त्याला चहा पाजून घरी पाठवलंत. ही गोष्ट आपण दुसऱ्या पेल्यानंतर सांगत असलात, तरी मला ती नेहमी पहिल्यासारखी आवडायची.

असो. पट्टा बांधला आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. (प्रेमलाच्या मते शास्त्रज्ञ नव्हे, चोर.) याला फसवता येतं का, हे बघणं मला कर्तव्य वाटू लागलं. पहिली संधी आपण होऊन चालत आली. धायरी फाट्याजवळचा आमचा केशकर्तनवाला दाढी झाल्यावर निळ्या बाटलीतलं काहीतरी ओंजळभर घेऊन गालांवर थापटतो, मग मानेवर, मग उरलेलं वाया जाऊ नये म्हणून खांद्या-दंडांपर्यंत मालिश करतो. मी घरी पोचेपर्यंत तेजस्विनीचा फोन आला की बाबा, सकाळी दहा वाजता हे काय? मी विजयी मुद्रेने म्हटलं, लोशन. म्हणजे तुमचा पट्टा लोशनला दारू समजतो, मग उद्या दारूला लोशन म्हटलं तर कोण ओळखणार? ती शांतपणे म्हणाली, मी ओळखणार. संध्याकाळी तिने दोन रेघा शेजारी शेजारी मांडून दाखवल्या. बाहेरून लागलेलं लोशन खिळ्यासारखं एकदम वर जातं आणि तसंच खाली येतं. पोटातून आलेली दारू टेकडी चढल्यासारखी हळूहळू चढते आणि उतरायला तिच्याहून जास्त वेळ घेते. तेव्हा लोशन ही सबब कोणाला सुचलीच, तर तिचा उपयोग नाही. मी वापरून पाहिली आहे.

मग मला वाटलं, पट्टा बिघडला तर? मी काही बिघडवला नाही, तो आपला आपण बिघडला, म्हणजे मी त्याची चार्जिंगची चिमटी खुर्चीच्या पायाखाली ठेवली आणि नंतर खुर्चीत बसलो. तेजस्विनी म्हणाली, कंपनीतून नवीन यायला आठवडा लागेल. आठवडाभर माझ्या दंडाला स्वातंत्र्य मिळालं असतं, पण प्रेमलाने मला पिशवी आणि बसचे सुटे पैसे देऊन बुधवार पेठेत धाडलं. तिथल्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मिळत नाही अशी वस्तू जगात नाही, फक्त दुकानदाराला ती देण्याची इच्छा झाली पाहिजे. एका बोळात, दुपारच्या झोपेला अडथळा झालेल्या चेहऱ्याच्या गृहस्थाने चिमटी चष्म्याला लावून पाहिली आणि हे यंत्र काय करतं असं विचारलं. मागे गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मी हळू आवाजात म्हटलं, ‘दारू प्यायली का ते सांगतं.’ ‘कुणाला?’ ‘सूनबाईंना.’ त्याने चिमटी माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाला, ‘मग बंद पडलंय ते चांगलंच आहे की. दुरुस्त कशाला करताय?’ पुण्यात इतकी वर्षं राहून इतक्या आपुलकीने माझ्याशी कुठला दुकानदार बोलला नव्हता. तरी त्याने शेवटी आतून शोधून चिमटी काढून दिली. मी दोन घेतल्या. दुसरी कशासाठी, ते पुढे.

आता नीरेचं सांगतो. हे सांगताना मला आधी बरंच मागे जावं लागेल, आणि आपण माझ्याबरोबर यावं अशी इच्छा आहे.

मुलांचं जमलं आणि आपण बोलणी करायला पहिल्यांदा पुण्याला आलात, ती संध्याकाळ आठवते? मुलांनी आपापलं ठरवलेलं, आता मोठ्यांनी काही घाण करू नये म्हणून सगळे जपून होते. हिराताई आणि प्रेमला आत गेल्या, आणि आपण मला अगदी हळू विचारलंत, ‘व्याहीबुवा, तुमच्याकडं संध्याकाळचं काही घेता काय जी?’ मला वाटलं, हे परीक्षा घेताहेत. वर्धा म्हणजे दारूबंदीचा जिल्हा, माणूस खादीतला दिसतोय, आपल्या एका शब्दावर पोराचं लग्न अडेल. मी म्हटलं, ‘आम्ही संध्याकाळी दूध घेतो.’ आपला चेहरा पडला, तो मी समाधानाचा समजलो. प्रेमलाने खरोखर दोन पेले दूध आणलं आणि आपण दोघांनी ते औषधासारखं प्यायलं. दुसऱ्या दिवशी पाहुणचारात काही उणं राहू नये म्हणून मी आपल्याला सकाळी सकाळी नीरा केंद्रावर नेलं. आपण काचेचा पेला उन्हाकडे धरून बघितलात आणि म्हणालात, ‘आमच्याकडंही भेटते नीरा, पण अशी थंडगार नाही.’ दोन सज्जन माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून, दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून, दोन-दोन पेले नीरा प्यायली.

मग लग्नाचा दिवस. मंगल कार्यालयाच्या मागे, आचाऱ्यांच्या सिलिंडरांशेजारी, मी ओटीच्या नारळांच्या पोत्यात हात घालून चाचपडत होतो आणि समोरून आपण आलात, मानपानाच्या शेल्यांचं खोकं काखोटीला मारून. माझी चपटी बाटली नारळांत होती, आपली शेल्याखाली. कोण आधी हसलं ते आता आठवत नाही. मठ्ठ्याच्या कागदी पेल्यांतून आपण एकमेकांना खऱ्या अर्थाने व्याही मानलं ते तिथे, आतल्या भेटीच्या वेळी नव्हे. मंगलाष्टकांना आपल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि लोक ‘किती हळवे आहेत’ असं म्हणत होते. त्यानंतर दरवर्षी मुलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आपण दोघं पुण्याला येत होतात. खाली केक, वर आमची गच्ची, समोर सिंहगडावरचा मनोऱ्याचा लाल दिवा आणि दोन स्टीलचे पेले. काचेचे नकोत, बायकांना दिसेल, ही आपली युक्ती. वर्षातून ती एकच संध्याकाळ मी पंचांगात आधीपासून शोधून ठेवत असे. आपण गेली दोन वर्षं आला नाहीत.

तर फाल्गुनात एका सकाळी फिरता फिरता मी त्या केंद्रावर गेलो. आपली आठवण आली म्हणून गेलो, दुसरं काही कारण नाही. एक पेला तिथे घेतला आणि प्रेमलासाठी म्हणून थर्मास भरून घेतला. प्रेमला म्हणाली, मला तो वास सहन होत नाही, तुम्हीच प्या. मी थर्मास व्हरांड्यात ठेवला आणि विसरलो. फाल्गुनातलं धायरीचं ऊन आपण पाहिलं आहे. दुपारी चारला झोपून उठलो, घसा कोरडा, आणि थर्मास दिसला. आता, गुलाबराव, सबंध हयात मळी आंबवण्यात घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये की सकाळची नीरा दुपारी नीरा राहत नाही. पण आमच्या घरात काही टाकून द्यायची पद्धत नाही. पैसे मोजून आणलेली वस्तू मोरीत ओतायची, या कल्पनेनेच मला घाम फुटला. किंचित आंबट लागली. फेस आला. मी मनाशी म्हटलं, थर्मास नीट धुतला नसेल. आणि सबंध थर्मास संपवला.

पुढच्या तासाभरात मी शेजाऱ्यांच्या स्कूटरला पाणी घातलं (तिच्या शेजारची तुळस राहून गेली), गच्चीवर जाऊन एक नाट्यपद दोन वेगवेगळ्या चालींत म्हटलं, आणि सोसायटीच्या चेअरमनना जिन्यात गाठून पार्किंगविषयीचं माझं खरं मत सांगितलं. चेअरमन म्हणाले, ‘हे लेखी द्या.’ मी द्यायला तयार होतो. एवढ्यात तेजस्विनी लवकर घरी आली. पोटावर एक हात, दुसऱ्या हातात फोन. फोनवर सिंहगड उभा होता. हळूहळू चढलेला, माथ्यावर थोडा सपाट, उतरायचं नाव नाही. मी हसत हसत सगळं सांगितलं, की अगं नीराच होती, अक्षरशः नीरा, तुझ्या वडिलांची आठवण आली म्हणून आणली. मला वाटलं होतं ती हसेल. ती खुर्चीत बसली आणि इतकंच म्हणाली, ‘पप्पा पण फोनवर नीराच सांगतात, बाबा.’

माझी जी काही होती ती तिथल्या तिथे उतरली. पट्ट्याने तसं दाखवलं नाही, पण उतरली.

गेल्या आठवड्यात मुलांच्या लग्नाचा वाढदिवस झाला. केक झाला, फोटो झाले. तेजस्विनीने सातला आपल्याला फोन लावला, मग पुन्हा लावला, आणि आत गेली. मी सवयीने गच्चीवर गेलो. सवयीनेच दोन्ही पेले नेले होते. दोन्हींत ताक ओतलं, एक माझ्यासमोर ठेवला आणि एक आपल्या खुर्चीसमोर, म्हणजे त्या वेताच्या, जिचा एक पाय आपण आखूड आहे म्हणून दरवर्षी कुरकुरत होतात. थोड्या वेळाने गुडघ्यांचा आवाज करत प्रेमला वर आली. (ती गच्चीवर शेवटची कधी आली होती ते मला सांगता येणार नाही.) आपल्या खुर्चीत बसली, आपला पेला उचलून वास घेतला, ताक आहे याची खात्री केली आणि प्यायली. मी म्हटलं, इतकी वर्षं स्टीलच्या पेल्यांनी तुम्हाला बरं फसवलं. मग तिने सांगितलं की पहिल्याच वर्षी हिराताईंनी खाली ओट्याशी सांबारवड्या तळता तळता म्हटलं होतं, यांना तिखट जास्त लागंल, वर बसले ना. प्रेमलाने विचारलं, तुम्हाला चालतं? हिराताई म्हणाल्या, ‘बसू द्या जी. दोघं एकमेकाच्या नजरेत हायेत, तोवर चिंता नाही. एकटे बसले, मंग पाहू.’

व्याहीबुवा, त्या असत्या तर हे पत्र मला लिहावं लागलं नसतं. मला तुमची फार आठवण येते. दारूची नाही, तिची येते पण ती सहन होते. त्या आखूड पायाच्या खुर्चीची, आगाराच्या गोष्टींची, आणि तुम्ही ‘काऊन जी’ म्हणून माझ्या प्रत्येक विधानाला जो सुरुंग लावत होता, त्याची येते. इथे माझ्या म्हणण्याला सगळेच मान डोलावतात. (पाहा, ‘आपण’ म्हणता म्हणता ‘तुम्ही’ झालं. राहू द्या तसंच.) त्या संध्याकाळची माझी रेघ अगदी सपाट आली. तेजस्विनीने सकाळी ती बघितली आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. ती माझी रेघ बघत नव्हती, हे मला कळत होतं.

पत्र लांबलं. चिरंजीवांचे आणि सूनबाईंचे नमस्कार, प्रेमलाचा नमस्कार. खांद्याला शेक घेत जावा.

आपला,
रंगनाथ

ता. क. आता पार्सल उघडायला हरकत नाही. आत माझ्यासारखाच पट्टा आहे, आणि बुधवार पेठेतली दुसरी चिमटी. वर्ध्याहून ती आणायला जाणं लांब पडेल, म्हणून आधीच घालून ठेवली. बांधायचा डाव्या दंडावर. उजवा खांदा अजून दुखत असेल.

आणखी ता. क. माझ्या यकृताविषयी वर जे लिहिलं त्यात तथ्य नाही. डॉक्टरांच्या मते ते माझ्या वयाच्या माणसाला शोभणार नाही इतकं उत्तम आहे. हा पट्टा मार्गशीर्षात आपल्याला बघून परत आल्यावर तेजस्विनीने आपल्यासाठी आणला होता. आणला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. वडिलांच्या दंडाला मुलीने हे कसं बांधायचं, हे तिला कळेना. मी म्हटलं, आधी असाच एक मला बांध, सुचतील तेवढ्या सबबी मी वापरून संपवतो, मग त्यांना लिहितो. प्रेमलाला हे सगळं ठाऊक होतं. मला पत्र लिहायला मात्र पाडवा उजाडला, कारण मलाही कळेना. मार्गशीर्षात वर्ध्याला पाऊस नव्हता, गुलाबराव. फरशी कोरडी होती. यावर आपण पुन्हा कधी बोलायचं नाही, एवढं माझ्याकडून.

पुढचा ता. क. (प्रेमला मागे उभी राहून सांगते आहे.) पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलीचं माहेर आता म्हणजे आपण एकटेच, तेव्हा माहेराने इकडे यावं. पुढच्या रविवारी डोहाळजेवण आहे, त्याच्या आधी पोचावं आणि बारशानंतरच परत जाण्याचं काढावं. खालची खोली रिकामी केली आहे. आपल्या मनाने एका दिवसात सगळं बंद करू नये, ते अंगाशी येतं म्हणतात. आमोदने इथल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. पहिल्या दिवशी रेघ आकाशाला टेकली तरी चालेल, पट्टा मोजतो फक्त, ओरडत नाही. माझाही मी काढलेला नाही. दोघांच्या रेघा एकाच फोनवर खाली-वर दिसतील, म्हणजे हिराताई म्हणाल्या तसे एकमेकांच्या नजरेत. आणि सांबारवडीला कोथिंबीर निवडायला, चिरायला त्यांच्यासमोर आपणच बसत होतात, तेव्हा कृती आपल्याला येते. नाही म्हणू नये.

शेवटचा ता. क. मी कधीतरी लिहिणार हे तेजस्विनीला ठाऊक आहे, हे पत्र निघाल्याचं मात्र ठाऊक नाही. परवा ती प्रेमलाला सांगत होती की बाळ झालं की पहिल्यांदा पप्पांच्या हातात द्यायचं आहे. मग म्हणाली, देता आलं तर. तिच्या ओठांवर आपलंच एक वाक्य होतं, त्या केबिनच्या बाकावर बसून ऐकलेलं, पण मुलीला ते बापाला म्हणवलं नाही. म्हणून तिच्या वतीने मी लिहितो. किल्ली बाजूला ठेवा आणि या. गाडीत लेकरू आहे.